सातबाऱ्यावरचा कंस

आमच्या परभणी जिल्ह्यात इंग्रजीचे दोन शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही पक्के येतात : सर्व्हर आणि डाऊन. सातबारा काढायला गेलेला, पीकविम्यासाठी रांगेत उभा राहिलेला, रेशनच्या मशीनवर अंगठा टेकवून वाट पाहणारा, सगळे हेच दोन शब्द ऐकून घरी परततात. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे गावी गेलो की लोक मलाच विचारतात, "हे सर्व्हर सारखं का पडतं रे?" जणू पुण्यात बसून मीच ते पाडतो.

त्या प्रश्नाचं उत्तर फार अवघड नाही. एकाच वेळी हजारो लोक एकाच यंत्राच्या दारात उभे राहिले की ते गुदमरतं, एवढंच. मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. बंद पडलेलं सर्व्हर सगळ्यांना दिसतं. लोक बोंब मारतात, पेपरात बातमी येते, कुणीतरी ते दुरुस्त करतं. पण चालू असलेलं सर्व्हर जेव्हा चुकीची नोंद झटपट, सुबक अक्षरात आणि सहीशिक्क्यानिशी छापून देतं, तेव्हा बोंब कोण मारणार? यंत्र नीट चाललंय, रांग पुढे सरकतेय. फक्त एका घराची जमीन कागदावर थोडी सरकली आहे आणि त्या घरालाही ते अजून ठाऊक नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बिघाड हाच मानतात : डेटा गुपचूप बिघडणं.

हा धोका संगणकाबरोबर आला असं मात्र नाही. मराठवाड्यातल्या जमिनीच्या नोंदी गेल्या दीडशे वर्षांत एका लिपीतून दुसरीत, एका राज्यातून दुसऱ्यात, एका मापातून दुसऱ्यात इतक्या वेळा गेल्या आहेत, की संगणक हा त्या प्रवासातला फक्त ताजा थांबा आहे. तो प्रवास एका इंजिनिअरच्या नजरेनं पाहिला, तर आज मोबाइलवर दिसणाऱ्या सातबाऱ्याकडे कसं पाहावं हे कळायला मदत होते.

कागद हे हार्डवेअर, लिपी हे सॉफ्टवेअर

हार्डवेअरपासून सुरुवात करू. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हातकागद बनत आला. त्यावर काजळीपासून केलेल्या शाईनं लिहिलेलं अक्षर सहसा फिकट पडत नाही, कारण काजळी म्हणजे कार्बन आणि तो उन्हानं उडत नाही. वाळवी, उंदीर आणि गळकं छप्पर सांभाळलं, तर असा कागद दोन-तीनशे वर्षं टिकतो. ऑफिसातली हार्ड डिस्क पाच-सात वर्षं नीट चालली तरी आम्ही तिला दुवा देतो. १९९८ सालची फ्लॉपी समजा शाबूत निघाली, तरी ती घालायला ड्राइव्ह कुठून आणणार? साठवण्याच्या बाबतीत जुनं हार्डवेअर आपल्यापेक्षा सरस होतं, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

गोम सॉफ्टवेअरमध्ये होती. म्हणजे लिपीत. गावचा हिशेब पटवारी मोडीत ठेवायचा. परंपरा मोडीचं श्रेय देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याला देते. ते खरं असो वा नसो, लिपीचा हेतू उघड आहे : हात न उचलता भराभर लिहिता यावं. या वेगाची किंमत होती. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. अक्षरं एकमेकांत गुंततात, सवयीचे शब्द आखडून लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो लवकर जातो पण थोडा पुसट होतो, तसंच हे. जागा आणि वेळ वाचतो, बारकावा सांडतो.

तालुक्याच्या वर गेलं की निजाम सरकारचा कारभार आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत चाले. पहिल्या सालारजंगांच्या काळात, १८६५ साली, राज्याची जिल्हाबंदी झाली आणि महसुलाचं दप्तर पद्धतशीर वाढू लागलं. पण उर्दू लिपीत सहसा ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि मराठीतल्या 'ण' आणि 'ळ' साठी तिच्यात रुळलेली अक्षरं नाहीत. 'परभणी' हे जिल्ह्याचं नावच तिथे 'परभनी' होतं. गावांची, शिवारांची, माणसांची नावं या चाळणीतून गेली. कागदावरची आकृती पाहून मूळ नाव कुठलं हे ओळखायला ते आधीच माहीत असावं लागे.

ते माहीत असायचं पटवाऱ्याला. आजच्या भाषेत सांगायचं तर दप्तराचा पासवर्ड म्हणजे पटवारी. ते पद वंशपरंपरेनं चालायचं, म्हणजे पासवर्डही एका घरातून बाहेर जात नसे. म्हणून जुन्या पद्धतीचे फार गोडवे गाऊ नयेत. ज्याला वाचता येतं तोच मालक कोण ते ठरवतो, असा तो काळ होता. संगणकानं ही मक्तेदारी मोडली आणि ती मोडायलाच हवी होती.

तारखांची वेगळीच गंमत. निजामाच्या महसुलात फसली सन चाले. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा '१३१७ फसली' चा, म्हणजे १९०७ च्या आसपासचा. माणसाला हे कळतं. पण संगणकाला वर्षाच्या चौकटीत चार आकडे मिळाले की तो खूश. १३१७ हे खिलजीचं साल की जमीन महसूल कायद्याचं, हे त्याला कुणी सांगितलं तरच कळणार. १९९९ साली सगळं जग वायटूकेनं घाबरलं होतं, कारण जुन्या प्रोग्रॅम्समध्ये वर्षाचे दोनच आकडे साठवले होते. आकडा असतो, पण तो कुठल्या गणनेतला हे सोबत लिहिलेलं नसतं. दोन्हीकडे रोग एकच.

राज्य बदललं, माप बदललं

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा झाला. त्यानंतर गावोगावच्या जमिनी कोण कसतो याची पाहणी होऊन 'खासरा पत्रक १९५४' तयार झालं. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात आजही हा कागद मागितला जातो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९८१ मध्ये परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेला, १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाला. इतिहासाच्या पुस्तकात या राजकीय घटना आहेत. दप्तराच्या बाजूनं पाहिलं तर प्रत्येक घटना म्हणजे गठ्ठे बांधणं, गाडीत घालणं आणि दुसऱ्या कपाटात लावणं. आम्ही याला डेटा मायग्रेशन म्हणतो. ज्यानं एकदा तरी ते केलंय तो सांगेल, काही न सांडता मायग्रेशन होत नाही. काय सांडलं हे लिहून ठेवता येतं, एवढंच आपल्या हातात असतं.

मापाचंही तेच. गावात आजही लोक एकर-गुंठ्यांत बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये आहे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एक आर म्हणजे बरोबर १००. फरक जेमतेम सव्वा टक्का. आता कुणाचं तीन एकर सतरा गुंठे रान आहे असं धरा. म्हणजे १३७ गुंठे. नीट हिशेब केला तर ते १ हेक्टर ३८.६० आर होतं. 'गुंठा आणि आर एकच की' म्हणून कुणी घाईत १ हेक्टर ३७ आर लिहिलं, तर १६० चौरस मीटर गायब. सतराशे चौरस फूट. त्यात एक ऐसपैस घर बसतं. कागदावर फक्त दशांश चिन्हापुढचा बदल दिसतो आणि बांधावर दोन भाऊ बोलेनासे होतात.

मुखवटा घातलेली अक्षरं

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. त्याच सुमारास पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढलं. त्यामुळे साध्या पीसीवर देवनागरी उमटू लागली. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण ठरलं, त्याची अधिकृत आवृत्ती १९९१ ची. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवर बेतलेली होती. म्हणजे प्रमाण वेळेवर हजर होतं.

वापर मात्र दुसऱ्याच गोष्टीचा वाढला. झेरॉक्सच्या दुकानांपासून सरकारी टेबलांपर्यंत असे फॉन्ट रुळले, ज्यांत फाइलमध्ये प्रत्यक्ष साठलेली अक्षरं रोमन असत आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवत असे. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट काढला की नुसती चिन्हांची खिचडी. वीस वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका किंवा प्रश्नपत्रिका आजच्या मोबाइलवर उघडून पाहा, मी काय म्हणतो ते कळेल. कागदावरची मोडी निदान मोडी म्हणून ओळखू तरी येते. ही खिचडी कुठल्या फॉन्टची, हेही तिच्यावर लिहिलेलं नसतं.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणं वाटतं तितकं सोपं नसतं. जुने फॉन्ट अक्षर दिसतं त्या क्रमानं साठवत, युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतो. 'कि' मध्ये वेलांटी दिसते आधी, पण युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. 'कर्ज' मधला रफार दिसतो 'ज' वर, पण साठवताना 'र' हा 'ज' च्या आधी येतो. बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं एक जागा चुकवली की शब्द तुटतो, आणि हजारो ओळींत तो एक तुटलेला शब्द कुणाच्या नावातला असू शकतो.

आता 'सातबाऱ्या' हाच शब्द घ्या. यातला अर्धचंद्रासारखा 'ऱ्' ही मराठीची खास खूण. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो : खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर वापरून, किंवा साध्या 'र' नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आमच्या भागात कऱ्हाळे हे आडनाव नेहमीचं, शिवाय वऱ्हाडे, गोऱ्हे आहेतच. एका यादीत पहिली रीत आणि दुसऱ्या यादीत दुसरी असेल, तर डोळ्यांना एकच दिसणारा माणूस शोधयंत्राला सापडत नाही. 'ॲ' चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र जोडून काम भागवत. दोन्ही प्रकार आज एकाच डेटाबेसमध्ये शेजारी शेजारी नांदतात.

यावर उपाय आहे. साठवण्याआधी सगळ्या रीती एका रीतीत आणायच्या, त्याला चार ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. पण तो लिहिणाऱ्याला मराठीत 'ऱ्' दोन प्रकारे येतो हे ठाऊक हवं. लॅपटॉप कितीही महाग असला तरी ही माहिती त्याच्यासोबत येत नाही.

सही खरी, मजकूर चुकलेला

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ही खरोखर मोठी सोय आहे. पंधरा रुपयांत, घरबसल्या, कुणाला चहा न पाजता. पण ही सही काय सांगते ते नीट समजून घ्यायला हवं. सही करताना मजकुराचा एक गणिती ठसा काढून तो कुलूपबंद करतात. नंतर कुणी एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही. म्हणजे सही हमी देते ती 'हा मजकूर वाटेत बदललेला नाही' याची. मूळ नोंदच चुकलेली असेल, तर ती चूक तितक्याच भक्कम कुलपात सुरक्षित राहते.

कायद्याचं वजनही नोंदीच्याच बाजूनं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. लेखनातली चूक दुरुस्त करायला कलम १५५ आहे, त्यासाठी अर्ज करावा लागतो. थोडक्यात, टायपिंग कुणाचंही चुकलेलं असो, ते सिद्ध करायला शेतकऱ्यानंच फेऱ्या घालायच्या. आमच्या घरी आजीच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली होती. ती जागेवर यायला एका कार्यालयाच्या किती फेऱ्या झाल्या ते वडील आता मोजत नाहीत. प्रत्येक फेरीला त्या दिवसाची मजुरी आणि बसचं भाडं गेलं. वेलांटी स्वस्त नसते.

अशा चुका एकेकट्या असतात तोवर त्या घरगुती दुःख असतात. याद्या एकमेकींशी जुळवायची वेळ येते तेव्हा त्या सार्वजनिक होतात. २०१७ च्या जूनमध्ये राज्यानं ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन मागवले. शेतकऱ्यांचे अर्ज आणि बँकांच्या याद्या जुळवताना घोळ झाले. दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेलं वाटप याद्यांमधल्या चुकांमुळे अडलं. ज्यांनी जुळवणीचा असा प्रोग्रॅम कधी लिहिला आहे, त्यांना यात नवल वाटलं नसेल. आधार, सातबारा आणि पासबुक या तिन्हींवर एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हेनं, त्यातही कधी रोमन लिपीत असतं. माणूस हसून म्हणतो, 'तो मीच'. संगणक म्हणतो, 'जुळत नाही'. आता शेतकऱ्यांच्या ओळख क्रमांकापासून पीकविम्यापर्यंत सगळं या जुळण्यावरच उभं राहतंय, म्हणून हा प्रश्न जुना झालेला नाही.

त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारनं केलेलं एक काम मला आपल्या क्षेत्रातल्या कुठल्याही महागड्या चाचणीपेक्षा मोठं वाटतं. संगणकावर चढवलेले सातबारे गावागावांत चावडीवर मोठ्यानं वाचले गेले. ज्याची जमीन तो समोर बसलेला, शेजारचा बांधकरीही बसलेला. चूक ऐकली की तिथेच हरकत. नंतर 'एडिट' आणि 'री-एडिट' च्या सोयीतून दुरुस्त्या झाल्या. सगळ्या चुका निघाल्या असं नाही. पण डेटा बरोबर आहे का हे ज्याचा डेटा त्यालाच विचारा, ही गोष्ट जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना अजून सुचायची आहे.

वाचणारा उरला नाही तर

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीनं एक हौशी प्रकल्प केला. १०८६ साली तिथल्या राजानं जमिनीची मोजदाद करून 'डूम्सडे बुक' लिहून घेतलं होतं. त्याच्या नऊशे वर्षांनिमित्त देशाची नवी नोंद लेसर डिस्कवर केली. पंधराएक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहून संशोधकांना तो मजकूर सोडवावा लागला. चामड्यावर लिहिलेलं १०८६ चं पुस्तक मात्र तेव्हाही वाचता येत होतं, आजही येतं.

आपल्याकडे याची उलटी बाजू २०२३ मध्ये दिसली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच की कागद शाबूत होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागत होते. हार्डवेअर ठणठणीत, सॉफ्टवेअर गायब. १९४८ च्या आधी शाळेत उर्दू शिकलेली पिढी बहुतेक संपली. मोडी स्वातंत्र्यानंतर शाळांतून गेली. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे आता ती मोबाइलवर उमटू शकते. पण उमटणं आणि वाचता येणं यांत फरक आहे. आमच्या घरच्या संदुकीत पणजोबांच्या नावाचा एक उर्दू कागद आहे. त्यावर काय लिहिलंय हे आजोबांना तोंडपाठ होतं. वडिलांना थोडंफार आठवतं. मला फक्त त्याचा फोटो काढता येतो.

कंस

या सगळ्यातून मी एक धडा घेतला, तोही महसूल खात्याच्याच जुन्या सवयीतून. सातबाऱ्यावर मालक बदलला की जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहितात. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, उघडली की बदल का आणि कशाच्या आधारे झाला ते कळतं. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. आम्ही सॉफ्टवेअरवाले गिट नावाच्या साधनात नेमकं हेच करतो आणि ते फार आधुनिक आहे असं मानतो.

यंत्रांबद्दल माझी मतं याच कंसातून निघतात. जुनं पुसू नका, त्याला कंस करा. नवीन नोंदीला जुन्या कागदाचा फोटो चिकटवून ठेवा, म्हणजे रूपांतर चुकलं तरी मूळ पाहता येईल. माप आणि सन आकड्याच्या सोबतच लिहा. मजकूर अशा रीतीनं साठवा, जी वाचायला कुणा एकाच कंपनीच्या फॉन्टची गरज पडणार नाही. नावं जुळली नाहीत तर माणसाला परत पाठवण्याआधी दुसऱ्या माणसाला पाहू द्या. आणि चूक यंत्राची असेल तर फेऱ्याही यंत्रवाल्यांनी माराव्यात. हे शेवटचं तंत्राचं काम नाही, नियतीचं आहे, आणि तेच सगळ्यात अवघड आहे.

तुमच्या हातातल्या मोबाइलवर सातबारा दोन मिनिटांत उघडतो. पुढच्या वेळी घरी गेलात की तो उघडा आणि आई-वडिलांसमोर मोठ्यानं वाचा. नाव, गट नंबर, क्षेत्र, इतर हक्क, सगळं. कंसातली नावंही वाचा आणि ती माणसं कोण ते विचारून लिहून ठेवा. कुठे अक्षर खटकलं तर अर्ज आजच करा. आज वडील सांगू शकतात की ही वेलांटी चुकली आहे. वीस वर्षांनी त्याच वेलांटीसाठी साक्षीदार शोधावा लागेल.